मी बंद पडले नव्हते

मित्रांनो, शेवटच्या साध्या दिवशी मी पहिल्या किकला सुरू झाले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गावात विचाराल तर तुम्हाला वेगळं सांगतील. गाव म्हणेल, ही जुनी मोटारसायकल, हिच्यापायीच सगळं झालं. गावाचं ऐका. मग माझं ऐका. आणि दोघांवरही चटकन विश्वास ठेवू नका. मी स्वतः आता कुणावर ठेवत नाही.

उन्हाळा होता. सकाळी मालक मला घेऊन एका वस्तीवर गेले होते. तिथल्या म्हशीचं रेडकू पोटात आडवं आलं होतं. माझे मालक म्हणजे इमॅन्युएल. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई देत असताना बैलाची शिंगं धरायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी लोक त्यांनाच बोलवायचे, आणि डॉक्टर नसतानाही त्यांना 'डागदर' म्हणायचे. रेडकू सुखरूप बाहेर आलं. परत येताना माझ्या मुठींना फिनेलचा आणि ओल्या रेडकाचा वास होता.

संध्याकाळी त्यांनी मला फाट्यावर कल्याणच्या शेडमध्ये नेलं. कल्याण हा आमच्या पंचक्रोशीतला मेकॅनिक. वर पत्रा, खाली काळी झालेली जमीन, आणि बसायला एक उलटा डबा, एवढंच त्याचं गॅरेज.

"डागदर, हिला आता घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात न्या," कल्याण म्हणाला. "दात बघून घेईल कुनीतरी."

"आधी तुझे दात बघतील. टॅपेट बघ, टॅपेट."

कल्याणने नवा प्लग घातला, टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या झडपांचे नट, लावले, कार्बोरेटर खोलून पुसला. काम चालू असताना मालकांचा फोन वाजला. त्यांची मुलगी सिल्व्हिया पुण्याहून बोलत होती. ती तिथे एका ग्रंथालयात काम करते. मालकांना फोन कानाला लावून ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिचं सगळं बोलणं शेडभर ऐकू यायचं.

"पप्पा, उद्या घ्यायला येऊ नका हं. ऊन फार आहे. मला टमटम मिळते."

"बरं."

"बरं म्हणता आणि येता."

"न्हाई येत. बरं म्हनलं ना."

फोन खिशात ठेवून ते कल्याणला म्हणाले, "नीट कर बाबा. उद्या दुपारी शेवगावला स्टँडवर जायचंय."

कल्याण इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

परतताना गावाच्या अलीकडे चिंच लागते. तिथे मालकांचा डावा हात गुडघ्याशी खाली आला आणि त्यांनी माझा कॉक बंद केला. हा कॉक नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. माझ्या टाकीखाली पेट्रोलची एक छोटी चावी आहे, तिला कॉक म्हणतात. तो आडवा केला की पेट्रोल बंद. खाली केला की चालू. वर केला की रिझर्व्ह, म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेलं थोडंसं पेट्रोल. मालक रोज चिंचेपाशी कॉक आडवा करायचे. मग कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर मी हळूहळू घरापर्यंत यायचे आणि दारात आपोआप शांत व्हायचे. दुसऱ्या कुणाची गाडी अशी झोपलेली मी पाहिली नाही.

"उपाशी झोपवावं हिला," ते म्हणायचे. "पोटात शिळं राहिलं की सकाळी कुरकुर करती."

त्या संध्याकाळीही मी दारात शांत झाले. सारा, म्हणजे मालकीणबाई, आतून म्हणाल्या, "आली वाटतं तुमची थोरली." मालकांनी माझ्या सीटवर पोतं टाकलं आणि जेवायला गेले. बस, एवढाच तो दिवस.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ होत्या आणि सगळ्या सारख्याच चमकत होत्या. नगरला नंबर मिळाला, एमएच सोळा, आणि मी गावात आले. देवळासमोर, म्हणजे आमच्या दगडी चर्चसमोर, पाळकसाहेबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती संपते न संपते तोच शेजारच्या बनुबाईंनी माझ्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि हेडलाइटला कुंकू लावलं. "आसू द्या, दोनी देवांची नजर राहील," त्या म्हणाल्या. यातल्या कुणाच्या कृपेने मी इतकी वर्षं टिकले, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा सिल्व्हिया लहान होती. मालक तिला पुढे टाकीवर बसवायचे. तिचे पाय इंजिनाला लागू नयेत म्हणून टाकीवर गोधडीची घडी असायची. चिंचेपाशी कॉक बंद करणं हे तिचं काम होतं. लांबूनच ती ओरडायची, "चिंच आली! चिंच आली!" आणि वाकून तो इवलासा हात खाली घालायची. कधी तिच्याकडून चुकून रिझर्व्ह लागायचा. मग मी दारात पोचूनही थांबायचेच नाही, आणि मालक म्हणायचे, "अगं, हिला पोटभर जेवू घातलंस तू."

ती मोठी झाली. नगरला कॉलेजात गेली, मग पुण्याला. सुट्टीला यायची तेव्हा शेवगावच्या स्टँडवर कॅन्टीनच्या भिंतीपाशी आम्ही उभे असायचो. ती बसमधून उतरायची, आम्हाला बघायची आणि दर वेळी एकच वाक्य बोलायची.

"कशाला आलात पप्पा?"

"इकडं काम हुतं," मालक म्हणायचे.

इकडे काही काम नसायचं. मी साक्षीला आहे. घरून निघून थेट त्या भिंतीपाशी यायचो आणि बस येईपर्यंत उभे राहायचो. तिलाही ते ठाऊक असणार. पण तिने कधी उलटं विचारलं नाही, आणि त्यांनी कधी खरं सांगितलं नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगते.

दुपारी मालकांनी डोक्याला रुमाल बांधला आणि मला किक मारली. मी सुरू झाले. पाटाच्या पुलाच्या पुढे रस्त्याकडेला एक लिंब आहे. आजूबाजूला दुसरी सावली नाही. तिथे त्यांनी मला रस्त्याच्या खाली घेतलं, नीट मोठ्या स्टँडवर उभं केलं आणि ते लिंबाखाली जाऊन बसले. मला त्यांची पाठ दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली, कारण ते आडवे झाले होते.

त्या शेताचे मालक गोरक्षनाथ नाना. त्यांनी लांबून पाहिलं आणि ते धावत आले. कुणाचा तरी टेम्पो थांबवला. मालकांना शेवगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, इथे आणायच्या आधीच.

नानांनी मला लिंबापासून गावापर्यंत ढकलत आणलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्यांचा सालगडी. लोक दारात येऊन बघत होते. मालकीणबाईंच्या हातात माझी किल्ली देऊन नाना काही न बोलता निघून गेले. मला गोठ्याच्या छपराखाली लावलं आणि वर ताडपत्री टाकली.

ताडपत्रीखाली दिसत नाही, पण ऐकू येतं.

"ढकलत आनली म्हंजी बंदच पडली आसंल," बनुबाई म्हणाल्या. "एवढ्या उन्हात किका मारू मारू मानसाची छाती भरून येनार न्हाई तर काय!"

"आदल्या दिवशीच कल्यानकडं टाकली हुती म्हनं."

"घ्या! मंग तर झालंच."

झालं. दोन दिवसांत सगळ्या गावाला सगळं माहीत झालं. जे लिंबापाशी नव्हते त्यांना तर जास्तच माहीत झालं. मला तोंड नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ताडपत्री वर करून माझ्याकडे बघायचा. कुणी ब्रेक दाबून बघायचा, कुणी चाकाला चप्पल मारायचा. चप्पल मारणाऱ्यांना काय कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. साराबाईंचा एक चुलतभाऊ टाकीवर टिचकी मारत म्हणाला, "काढून टाका ही. मी बघतो गिऱ्हाईक." त्याच्या डोळ्यांवर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही.

आणि कल्याण? कल्याण घरी आलाच नाही. दफनाच्या दिवशी तो कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता म्हणे, आत आला नाही. त्यानंतर त्याची शेड काही दिवस बंद होती. साराबाईंनी निरोप पाठवला, की गाडी नुसती उभी आहे, नेऊन बघ. तरी तो आला नाही. सिल्व्हियाने हे सगळं ऐकलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "तो का येत नाही?"

दिवस गेले, पावसाळा गेला, आणि खरं सांगते मित्रांनो, माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. लिंबाखाली मालकांनी किल्ली फिरवली म्हणून मी बंद झाले, की मी आधी अडखळले आणि म्हणून ते उतरले? त्यांनी किक मारली नव्हती. पण गाव इतक्या वेळा म्हणालं, की माझ्या किकच्या दांड्यावर त्यांचा पाय मला आठवू लागला. एकच गोष्ट रोज ऐकली की ती आपल्याला घडल्यासारखी वाटते. कुणी रोज तुमच्याबद्दल काही सांगत असेल, तर जरा सावध राहा.

नाताळाच्या आधी सिल्व्हिया आली. सकाळी थंडी होती. तिने ताडपत्री काढली, माझ्यावरची धूळ पुसली आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. ती मला बघत नव्हती, तपासत होती. मोबाईलवर व्हिडिओ लावून ती एकेक गोष्ट शोधत होती. कार्बोरेटरच्या स्क्रूपाशी येऊन तिचं बोट थांबलं. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे होते, चांदीसारखे.

"मम्मी, हे मूळचंच आहे का गं? की बदललंय?"

"मला काय कळतंय त्यातलं," साराबाई म्हणाल्या. "काय शोधतीयेस तू त्या गाडीत?"

"बिघाड."

"सापडला तर मलाबी सांग. देवाशी भांडून कंटाळले मी. मानूस सापडलं तर बरंच."

सिल्व्हियाने चोक ओढला आणि किक मारली. नुसता फुस्स आवाज. पुन्हा. पुन्हा. तिचा श्वास चढला, शाल गळून खाली पडली. शेवटी मी खोकत सुरू झाले. तिने चोक आत ढकलला, आणि मी बंद. पुन्हा किक. या वेळी तिने ॲक्सिलरेटरची मूठ पिळून धरली, तशी मी रस्त्यावर पळत असल्यासारखा आवाज करू लागले. मूठ सोडली की ढुक, ढुक, ढुक, आणि गप्प. मूठ धरली तर जिवंत, सोडली तर मेलेली. मलाच माझी लाज वाटली.

ती माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. "असं झालं होतं तर," ती म्हणाली.

"काय झालं हुतं?"

"काही नाही मम्मी."

तिच्या मनात काय आहे ते मला तिच्या हातावरून कळलं. आदल्या दिवशी कल्याणने काहीतरी बिघडवलं, चांगलं काढून डुप्लिकेट घातलं, आणि पप्पा भर उन्हात मला किका मारत बसले. तेही कशासाठी, तर तिला घ्यायला यायचं म्हणून. हे खरं असेल तर तिला ते कळायलाच हवं होतं. खोटं असेल तरीही. मध्ये लटकून राहणं तिला आता सहन होत नव्हतं.

तिने मला ढकलत फाट्यावर नेलं. कल्याणने आम्हाला लांबून पाहिलं. हातातलं काम सोडून तो उभा राहिला, आणि मला वाटलं, आता हा पळणार.

"ताई," तो म्हणाला. "ढकलत कशाला आनली? मला निरोप धाडायचा."

"निरोप धाडला होता."

त्याने हात पुसले आणि मला स्टँडवर घेतलं. सिल्व्हियाने सगळं सांगितलं. सकाळी सुरू होत नाही, चोक काढला की मरते, मूठ सोडली की मरते. मग ती उलट्या डब्यावर बसली आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली. मीही बघत होते. त्याने प्लग काढला. तो पेट्रोलने भिजला होता. त्याने तो पुसला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी आणि चांगली पडली.

"करंट हाय," तो म्हणाला. "हवा बघू." त्याने एअर फिल्टर काढून झटकला. तो ठीक होता.

मग त्याने काय करावं? रोग जिथे दिसत होता तिथे, कार्बोरेटरला, त्याने हातच लावला नाही. त्याचा हात वर इंजिनाच्या डोक्याकडे गेला आणि तो टॅपेटचं झाकण खोलायला लागला. झाकण खोलताना त्याचा पाना दोनदा घसरला.

"टॅपेट कशाला?" सिल्व्हियाने विचारलं.

"बघतो जरा."

"मूठ सोडली की मरते म्हणजे कार्बोरेटर ना? व्हिडिओत सगळे तेच सांगतात."

"व्हय. पन हे आधी बघू द्या."

त्याने आत बोट घातलं, नट चाचपला, पाना लावून बघितला. नट जागचा हलला नाही. कल्याण तिथेच खाली बसला. त्याने दोन्ही काळे हात तोंडावर घेतले, आणि त्याच्या गालांना ग्रीस लागलं.

"काय झालं?" सिल्व्हियाने विचारलं. तिचा आवाज कडक होता.

"घट हाय," तो म्हणाला. "ताई, त्या दिवशी फोन आला तुमचा, आमी हसलो, पाना पडला माझा. त्यानंतर हा नट मी आवळला का न्हाई, आजपातुर मला आठवत नव्हतं. सगळं गाव म्हनतंय गाडी बंद पडली. म्हंजी माझ्या हातनं. तुमच्या दारात कसा येऊ मी? काय तोंड घेऊन येऊ?"

सिल्व्हियाचा संशय तिच्या तोंडावर होता आणि तो इतक्यात उतरणार नव्हता. नट घट्ट होता, पण मी बिघडलेली तर होतेच ना?

"कार्बोरेटर उघड," ती म्हणाली.

पेट्रोलची नळी काढायची म्हणून कल्याणने माझ्या कॉककडे हात नेला आणि तो थांबला.

"चालूच हाय की कॉक."

"म्हणजे?"

"हे बघा. खाली हाय. तुमी चालू केला?"

सिल्व्हिया डब्यावरून उठली. ती माझ्याजवळ आली आणि वाकून बघू लागली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला चिंच आठवली.

"मी हातच नाही लावला," ती हळूच म्हणाली. "सकाळी किक मारायच्या आधी कॉक उघडायचा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी उघडलाच नाही. तो उघडा होता." मग तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता तू तर नाही ना फिरवलास?"

"आईची आन ताई, आत्ता पयल्यांदा बोट नेलंय."

"मग कुणी?"

रस्त्यापलीकडे दूध संकलनाची खोली आहे. गोरक्षनाथ नाना तिथे दूध घालून कॅन धूत होते. सिल्व्हियाने त्यांना हाक मारली. नाना आले, माझ्याकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"नाना, त्या दिवशी तुम्ही गाडी घरी आणलीत. टाकीखालच्या या चावीला हात लावला होता?"

"मला काय ठावं पोरी. मी बैलावालं मानूस. किल्ली तेवढी काढून सारावैनींकडं दिली."

"किल्ली बंद होती की चालू?"

"बंद. इंगळावानी गरम हुती उन्हानं, म्हनून ध्यानात हाय."

"बंद पडली म्हणूनच ढकलत आणलीत ना?"

नानांनी तिच्याकडे शिवी ऐकल्यासारखं पाहिलं.

"कोन म्हनतं बंद पडली? मी चालू करूनच बघितली न्हाई. डागदर टेम्पोत आडवा, आन मी त्याच्या गाडीवर बसून फटफट करत गावात येऊ? आमच्यात धनी गेला की त्याच्या घोड्यावर त्या दिवशी कुनी बसत न्हाई. हाताला धरून चालवत आनत्यात. डागदराला घोडं न्हवतं, ही हुती. मंग हिला चालवत आनली."

रस्त्यावरून उसाची एक ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, ती जाईपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"आन किका?" कल्याणने विचारलं. "बनुबाई म्हनती किका मारल्या."

"बनुबाई हुती का लिंबाखाली?" नाना म्हणाले. "मी बांधावरनं बघत हुतो. आला, गाडी लावली, जाऊन बसला. मला वाटलं इसावा घेतोय. म्या हाक मारली, 'डागदर, च्या घेता का?' त्यानं हात वर केला. मला वाटलं, नको म्हनतोय."

मग नाना वळून आपल्या कॅनकडे गेले.

सिल्व्हिया माझ्याशेजारी खाली बसली, मातीत. तिचं बोट माझ्या कॉकवर होतं.

"बंद पडली असती," ती जणू स्वतःशी म्हणाली, "तर पप्पांनी पहिल्यांदा काय केलं असतं?"

"रिझर्व्ह लावला असता," कल्याण म्हणाला. "गाडी कुटंबी मेली की हात पयला तिथंच जातो. कुनाचाबी."

"आणि तिथे बराच वेळ थांबायचं असतं तर?"

"बंद केला असता. डागदर च्या प्यायला थांबला तरी आडवा करायचा. लई बारीक मानूस."

"रिझर्व्ह नाही. बंदही नाही." तिने कॉकवरची धूळ अंगठ्याने पुसली. "ते लगेच निघणार होते, कल्याण. दोन मिनिटं बसून लगेच निघणार होते."

मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या किकच्या दांड्यावरचा तो पाय नाहीसा झाला. मी बंद पडले नव्हते. मी वाट बघत होते.

कल्याणने कार्बोरेटर खोलला. वाटीच्या तळाशी पिवळसर, चिकट थर बसला होता, जुन्या डिंकासारखा. उन्हाळ्यापासून कॉक उघडा. पेट्रोल वाटीत यायचं, उडून जायचं, पुन्हा यायचं, आणि मागे हा डिंक ठेवून जायचं. त्यात एक बारीक पितळी जेट असतो. मूठ सोडली की इंजिन त्याच्यावर जगतं. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते पुरतं बुजलं होतं. माझ्या पोटात शिळं राहिलं होतं.

"म्हणजे हा बिघाड नंतरचा," सिल्व्हिया म्हणाली.

"नंतरचाच. त्या दिवशी ही अशी आसती तर गावाच्या बाहेरबी गेली नसती."

त्याने क्लचच्या जुन्या केबलची एक तार सोडवली, जेटच्या भोकात घातली, फुंकर मारली आणि तो उन्हाकडे धरला. मग तिला दिला. तिने एक डोळा मिटून त्यातून बघितलं. जुनं पेट्रोल ओतून दिलं, ताजं घातलं. किक मारली. मी दुसऱ्या किकला सुरू झाले. पहिल्या किकला झाले असते तर कल्याणने खोटं बोलायला मला शिकवलं असं तुम्हाला वाटलं असतं.

त्याने स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर केला. सिल्व्हियाने मूठ सोडली. मी एका लयीत चालत राहिले, कुठे न अडखळता. ती कान देऊन ऐकत उभी होती.

"कल्याण," ती म्हणाली, "माझा तुझ्यावर संशय होता."

"माझाबी माझ्यावरच हुता, ताई."

"मम्मीकडे चल संध्याकाळी. तिला तू सांग. नटाचं, कॉकचं, सगळं."

"येतो. आन बनुबाईला कोन सांगनार?"

"बनुबाईला सांगायचं कशाला? त्यांना कळेलच."

त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला.

मित्रांनो, आमच्यासारख्या बोलक्या वस्तूंच्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे, म्हणून मागते. गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवणार असाल तर तिचा कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल संपू द्या, अधूनमधून ती सुरू करा. आणि कुणी गाडी ढकलत नेताना दिसलं, तर ती बंद पडली असं दारात उभं राहून ठरवू नका. दोन पावलं पुढे जा आणि ढकलणाऱ्याला विचारा. नानांना कुणी विचारलंच नव्हतं.

सिल्व्हिया मला घरी घेऊन गेली नाही. तिने मला शेवगावच्या रस्त्याला वळवलं. लिंबापाशी तिने मला बाजूला घेतलं, पण बंद केलं नाही. मूठ सोडून ती तशीच बसून राहिली आणि मी तिच्याखाली शांतपणे चालत राहिले. आजूबाजूला ज्वारी उभी होती. मग आम्ही पुढे निघालो.

स्टँडवर कॅन्टीनच्या भिंतीपाशी आमची जागा मोकळी होती. तिने मला तिथे लावलं, जिथे मी उन्हाळ्यात पोचणार होते आणि पोचले नव्हते. नंतर ती बसच्या फलाटावर जाऊन उभी राहिली, बसमधून उतरणारी माणसं उभी राहतात तिथे. तिथून तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुण्याची गाडी लागली, माणसं उतरली, पांगली.

ती चालत माझ्याजवळ आली. रिकाम्या सीटसमोर उभी राहिली. दर वेळी ती इथेच येऊन थांबायची, बॅग खाली ठेवायची आणि ते एक वाक्य बोलायची. शेजारी पेरू विकणारी बाई तिच्याकडे बघत होती, तरी ती मोठ्याने बोलली.

"बरं झालं पप्पा, तुम्ही आलात."